जमनाबायने ठरवलेली जागा

जमनाबायने मला उभं केलं आणि जमनाबायनेच मला चारचौघांत खाली पाहायला लावलं. पहिल्या गोष्टीचे उपकार मी कधी नाकारले नाहीत. दुसरीबद्दल मात्र मी तिला माफ केलेलं नाही. माणूस गेलं की चांगलंच बोलायचं ही रीत मला जमत नाही. तिलाही जमत नसे. तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला कोणीतरी म्हणालं, "फार देवमाणूस होता." जमनाबाय सुपारी फोडता फोडता म्हणाली, "देव असता तं मला कशाला मारला असता."

ती समुद्राकाठच्या नवापूरची. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायची. बोंबील, जवळा, करंदी, सणासुदीआधी थोडे सोडे. लाकडी खोक्यावर बसायची, डावा गुडघा वर, त्यावर कोपर आणि मुठीवर हनुवटी. लांबून पाहणाऱ्याला वाटे, बाई कंटाळली आहे. ती कंटाळलेली कधीच नसे, गिऱ्हाइकांचे पाय बघत असे. मला तिने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "गिराईक उठून निंगाला तं त्याच्या तोंडाकडं बगू नको. तोंड कोनालाबी फिरवता येतं. पाय बग. पाय रेंगाळला तं भाव सोडू नको."

दुसरं तिचं वाक्य होतं, "पयला भाव तोंडाचा, दुसरा मनाचा." म्हणजे माणूस पहिल्यांदा जे बोलतो त्यावर कधी विसंबू नये. चटकन 'हो' म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर तिचा मुळीच विश्वास नसे. घासाघीस न करता कोणी पैसे पुढे केले की ती नोट उजेडात धरून बघायची.

कारखान्यातले कामगार यायचे, बहुतेक हिंदी बोलणारे. तिची हिंदी तिने स्वतःच बनवली होती.

"अम्मा, थोडा कम करो ना."

"कम करेंगा तो मैं क्या खायेंगा? रेती? लेना हाय तो लो, हात मत लगाव, बोंबील शरमाता हाय."

पोरं हसायची आणि घेऊन जायची.

मी मासेमारांतली नाही. मनोरच्या बाजूच्या शेतकरी घरातली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला, त्याने हाय खाल्ली आणि अंथरूण धरलं, तेव्हा काहीतरी विकणं भाग होतं. भाजीवाल्यांची रांग भरलेली होती. मी मासळीच्या रांगेच्या टोकाला उभी राहून जमनाबायला विचारलं की मला घाऊक माल मिळेल का. तिने माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या पायांकडे, आणि म्हणाली, "चपला झिजल्यात. म्हंजे फिरायची तयारी हाय. बस."

तिच्या शेजारी चंपाबाय बसायची, जवळच्या दांडी गावची. दोघी पोरवयापासूनच्या मैत्रिणी. चंपाबायला मी रांगेत बसणं पसंत नव्हतं. ती मोठ्याने म्हणाली, "शेतकऱ्याची बाय सुकट इकनार? उद्या आपून काय भात लावायचा?" बाकीच्या बायकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी चंपाबायने माझी टोपली उचलून रस्त्यावर ठेवली. जमनाबाय उठली, टोपली परत आणली आणि स्वतःचं खोकं अर्धा हात सरकवून मला आपल्या आणि चंपाबायच्या मध्ये बसवलं. एवढंच केलं. वादविवाद नाही, शिवीगाळ नाही.

त्या दिवसापासून त्या दोघी एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. थोडेथोडके दिवस नव्हे, पंधरा वर्षांच्या वर. बोलायच्या त्या माझ्यातर्फे.

"सांग तिला, तिचा पानी माज्या टोपलीखाली येतो," चंपाबाय म्हणायची.

"सांग तिला, पानी देवाचा हाय. मी काय सोडला नाय."

"सांग तिला, देवाचा हाय तं देवळात सोड."

मी मध्ये बसून निरोप देत असे, जरी दोघींना एकमेकींचा शब्दन् शब्द ऐकू येत असला तरी. आणि मी निरोपच दिले असं नाही. मी जमनाबायची बाजू घेतली. चंपाबायच्या घरच्या लग्नाला गेले नाही, तिच्या माणसांकडून कधी माल उचलला नाही, रस्त्यात भेटली तर बाजूने निघून गेले. मला वाटे, माझ्यामुळे हिने मैत्रीण गमावली, तर निदान मी तरी तिची पक्की राहावं. पुढचं समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

शिकवताना तिने मला कधी गोंजारलं नाही. जवळ्यात वाळू असते. चांगली विकणारी तो चाळून घेते, वाईट विकणारी तशीच मापते, कारण वाळूलाही वजन असतं. दुसऱ्या वर्षी मी थोडी शहाणी झाले होते, म्हणजे बिघडले होते. एका कँटीनवाल्याला मी जवळा दाखवत होते. जमनाबायने शेजारून हात घालून मूठभर उचलला, वर्तमानपत्रावर टाकला, कागदाला खालून दोन टिचक्या मारल्या आणि जमलेली वाळू त्याच्यासमोर धरली. मला म्हणाली, "वाळूच इकायची तं गाडी घे. रातीची चालव, पकडली तं माजं नाव सांगू नको."

कँटीनवाला हसत निघून गेला. मी तिच्यावर इतकी भडकले की तीन दिवस बोलले नाही. चौथ्या दिवशी तोच माणूस परत आला आणि म्हणाला, "ज्या रांगेत एकमेकींची वाळू दाखवतात तिथला माल मला चालेल." ती माझी पहिली मोठी ऑर्डर. आज माझे दोन टेम्पो आहेत, गोडाऊन आहे, एमआयडीसीतल्या बऱ्याच कँटीनना मासळी, मसाला, कांदा-बटाटा मी पुरवते. खरेदी अधिकारी मला बघून आधी पाणी पितात असं म्हणतात. ते सगळं त्या वर्तमानपत्राच्या कागदावरून सुरू झालं.

मग दोन वर्षांपूर्वी जमनाबाय घरातच पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण पाय पूर्वीसारखा झाला नाही. वॉकर घेऊन ओट्यापर्यंत, तेही कोणी धरलं तर. नवापूरच्या घराला तीन पायऱ्या, संडास मागच्या अंगणात. तिचा एकुलता एक मुलगा हरेश विरारला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, नवरा-बायको दोघं कामाला. घरी बाई ठेवून पाहिली. पहिली चार दिवस टिकली, कारण जमनाबायने तिला भाकरी थापायला शिकवायचं मनावर घेतलं. दुसरी दिवसभर फोनवर बोलायची. जमनाबायने तिच्या फोनवर मिश्रीची डबी उपडी केली.

हरेश माझ्याकडे आला. गोडाऊनमध्ये पोत्यावर बसला आणि म्हणाला, "सुलभाताई, मला काही सुचत नाही. कुठेतरी चांगल्या ठिकाणी ठेवायला पाहिजे तिला. तुम्ही बघा. तुम्हाला व्यवहार कळतो, मला कोणीही गुंडाळेल."

नवरा गेल्यापासून मी घरात एकटीच, म्हणून तिला माझ्या घरी आणायचं मी आधीच बोलून पाहिलं होतं. ती म्हणाली, "तुज्या घराला दिसभर कुलूप. मी काय तुजी तिजोरी हाय?" तेव्हा दुसरं काही उरलं नव्हतं. तिचे शेवटचे दिवस कुठे जातील ते आता माझ्यावर होतं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. मुलगा असून त्याने माझ्यावर सोपवलं होतं. इतकी वर्षं मी तिची कोण, याला नाव नव्हतं. आता ते मिळालं असं वाटलं.

मी तीन ठिकाणं पाहिली. पहिल्या ठिकाणी एका हॉलमध्ये बारा खाटा आणि भिंतीवर टीव्ही, सगळ्या म्हाताऱ्या टीव्हीकडे तोंड करून. दुसऱ्या ठिकाणी जेवण शुद्ध शाकाहारी. मी विचारलं, कधीमधी मासळी? तिथले गृहस्थ म्हणाले, "या वयात सात्त्विक बरं." मी म्हटलं, "तुमच्या वयात. तिच्या वयात बोंबील बरा." आणि उठले.

तिसरं ठिकाण पालघरला, गावाबाहेर, मोकळं, स्वच्छ. तिथे मी जमनाबायला सोबत घेऊन गेले. व्हीलचेअरवर ती माझ्या शेजारी, टेबलापलीकडे तिथल्या मॅडम. मॅडम हुशार होती. खिडकीची खाट नाही म्हणाली, बाहेरचं जेवण चालत नाही म्हणाली, भेटायला फक्त रविवार म्हणाली. माझ्या अंगात वारं आलं. तासभर मी तिच्याशी झगडले.

मी म्हटलं, "मॅडम, ही बाई तुम्हाला जड नाही. खाणं चिमणीएवढं. एकदा पडली की सकाळपर्यंत हाक नाही. रात्री उठत नाही, कुणाला उठवत नाही. एका कुशीवर पडून राहील. बोलायला लागत नाही, माणूस लागत नाही. तुमच्या बायकांना हिचं काही कामच नाही. अशी दुसरी कुठे मिळणार आहे तुम्हाला?"

शेवटी मॅडम हरली. दोन खाटांच्या खोलीत खिडकीजवळची जागा, आठवड्यातून दोनदा माझ्याकडून मासळीचा डबा, भेटायला कोणताही वार. मी बाहेर पडले तेव्हा माझे पाय जमिनीवर नव्हते. एवढा चांगला सौदा मी कंपन्यांतही केलेला नाही.

परतताना गाडीत जमनाबाय खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "सुलू, चिमनी किती खाते गं?"

मी हसले. मला वाटलं ती गंमत करते आहे.

पुढच्या सोमवारी तिला न्यायचं ठरलं. मधल्या आठवड्यात मी तिची तयारी केली. नवे गाऊन, रबरी चटई, नावाचं लेबल लावलेलं ताट. मी दाखवायची आणि ती म्हणायची, "बरं." हे घेऊ? "बरं." तिथे साडी नेसवत नाहीत, गाऊनच घालावा लागेल. "बरं." ज्या बाईने आयुष्यात भेंडीसुद्धा पहिल्या भावाला घेतली नाही, ती आठ दिवस मला बरं बरं म्हणत होती आणि मला काही वाटलं नाही. नोट उजेडात धरून बघायला मला तिनेच शिकवलं होतं.

सोमवारी सकाळी मी गाडी घेऊन नवापूरला गेले. दाराला कुलूप. शेजारची बाई ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"अगो, तुला ठाव नाय?" ती म्हणाली. "काल दुपारीच गेली. हरेश आलता. पलंग, वॉकर, कपाट, समदा टेंपोत घातला."

"कुठे गेली?"

"दांडीला. चंपाकडं."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "टेंपो तं तुजाच व्हता."

मी ड्रायव्हरला फोन लावला. तो म्हणाला, "ताई, हरेशदादा बोलले जमनाबायचं सामान न्यायचंय. मला वाटलं तुम्हीच पाठवलंय." हरेशला लावला. तो म्हणाला, "आईने शपथ घातली होती, ताई. तुम्हाला सांगितलं तर औषध घेणार नाही म्हणाली." सगळ्या आळीला माहीत होतं. माझ्या ड्रायव्हरला माहीत होतं. ज्या बाईने माझी टोपली रस्त्यावर ठेवली तिला माहीत होतं. फक्त मला माहीत नव्हतं.

दांडी तिथून काही लांब नाही. चंपाबायचं घर मी कधी आतून बघितलेलं नव्हतं. पडवीत जमनाबायचा पलंग लावलेला, त्यावर ती साडी नेसून बसलेली, डावा गुडघा वर करता येत नव्हता म्हणून उशी घेतलेली. बाजूला चंपाबाय. चंपाबायचे डोळे तोवर गेल्यात जमा होते. तिला उजेड आणि सावली एवढंच कळायचं. दोघींना उठवायला, अंघोळ घालायला दांडीचीच एक बाई हरेशने ठरवली होती, आणि चंपाबायची सून घरात असायची. म्हणजे सगळा विचार झाला होता. माझ्याशिवाय झाला होता.

मी अंगणात उभी राहून जे बोलले ते सगळं लिहिण्यासारखं नाही. आजूबाजूची दारं उघडली. चंपाबाय म्हणाली, "सांग तिला, हळू बोल. मी आंधळी हाय, बहिरी नाय."

जमनाबायने मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "बस, सुलू."

"मी बसायला नाही आले. मी तुझ्यासाठी त्या मॅडमच्या पायाशी गेले, आणि तू हिच्याकडे?"

"पायाशी नाय गेलीस. बरोबर बोललीस तिच्याशी. माज्याहून बरी बोललीस." ती थांबली. "खाते चिमनीवानी. हाक मारत नाय. मानूस लागत नाय. समदा ऐकला मी. भाव पाडाया आपून अशेच बोलतो ना? तू घेनारी, ती देनारी. आन टोपलीत कोन?"

"ते बोलायचं असतं तसं. तूच शिकवलंस."

"व्हय. मीच शिकवला. मासळीला कान नसतात, त्ये सांगायचा राहिला." मग ती जरा पुढे झुकली. "मला मानूस लागतो, सुलू. दर रातीला मी चारदा हाक मारते. हरेशच्या बापाला मारते, त्ये मेलेत तरी. तिथं मी हाक मारली असती तं बाया बोलल्या असत्या, तुमच्या ताई तं म्हनाल्या हाक मारत नाय."

"मग मला सांगायचं होतंस."

"तुला सांगितला असता तं तू मला पन पटवली असतीस. मी तुला वळखते. तू काय मला जिंकू दिली असतीस?"

ती म्हणाली ते खरं असेल, पण म्हणून माझं दुखणं खोटं ठरत नाही. ती माझ्याशी भांडू शकली असती. माझ्या तोंडावर गाऊन फेकू शकली असती, जवळा कागदावर टाकला तसा. तिने मला आठ दिवस गोड बोलून फिरवलं. हे ती गिऱ्हाइकाशी करायची, माझ्याशी कधी केलं नव्हतं. आणि जायचं तर जगात दुसरं घर नव्हतं का? मी विचारलंसुद्धा, "हिने तुला पाहून पंधरा वर्षं तोंड फिरवलं."

चंपाबायच मधे बोलली. "हरेश इचाराया आला तवा मी पयला 'नाय'च बोलले. हरेशला सांगितला, तिला बोल, तोंड फिरवलास तं फिरवूनच ऱ्हा. मंग हिचा निरोप आला, तुला दिसत नाय, मला चालता येत नाय, आता तोंड फिरवून करायचा काय?"

दोघी हसल्या. एकत्र हसल्या, आणि मी पंधरा वर्षं ज्यांच्या मध्ये बसले होते त्यांच्यामध्ये त्या पडवीत टोपली ठेवण्याएवढी जागा नव्हती. मी गाऊनची पिशवी पायरीवर ठेवली आणि निघाले. पालघरच्या मॅडमला फोन करून खिडकीची खाट सोडली. ती म्हणाली, "काय झालं, ताई? एवढं भांडलात तुम्ही." मी म्हटलं, "घरच्यांनी दुसरी व्यवस्था केली." माझ्या तोंडून 'घरचे' हा शब्द आला आणि त्यात मी नव्हते.

त्यानंतर वर्षभर मी दांडीला गेले नाही. हरेश कधी फोन करायचा, आई विचारते म्हणायचा. मी म्हणायचे, सांग मी कामात आहे. मला कळायचं की ती बरी आहे. वजन वाढलं आहे. दोघी सकाळपासून भांडतात, कोणत्या साली कोणाची होडी बुडाली यावर. अंघोळीच्या बाईला त्यांनी भाकरी थापायला शिकवली, आणि ती शिकली.

मग एकदा मला मालाच्या कामाने दांडीला जावं लागलं. पावसाळा संपला होता, बांबूंवर बोंबील वाळत घातले होते. काम उरकल्यावर मी गाडी वळवायला सांगितली आणि पुन्हा थांबवली. मला तिला चार शब्द ऐकवायचे होते. ते मी वर्षभर घोळवून घोळवून नीट लावून ठेवले होते.

भर दुपार होती. अंगणात कोणी नव्हतं. पडवीत चंपाबाय भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि जमनाबाय खाली चटईवर, डोकं चंपाबायच्या मांडीवर. तिचा अंबाडा सोडलेला होता. इतक्या वर्षांत मी तिचे मोकळे केस पाहिले नव्हते. पांढरे, विरळ, खांद्याखाली येतील एवढेच. चंपाबाय बोटांनी चाचपून गुंता शोधायची, सापडला की त्या जागी फणी लावायची. दिसत नव्हतं म्हणून फार हळू चाललं होतं.

माझ्या पायाखाली काहीतरी करकरलं. चंपाबायचा हात थांबला.

"कोन हाय?" तिने विचारलं.

जमनाबायने डोळे उघडले. सरळ माझ्याकडे बघितलं. मी पायरीच्या खाली उभी होते, हातभर अंतरावर. माझे चार शब्द तयार होते. तिने माझं तोंड पाहिलं, खालपासून वरपर्यंत मला पाहिलं, घाई न करता.

"कोन नाय गं," ती म्हणाली. "तू इंचर."

चंपाबायने फणी पुन्हा लावली. जमनाबायने डोळे मिटले नाहीत. मी गाडीपाशी पोहोचून मागे पाहिलं, तेव्हाही ती तशीच माझ्या पायांकडे बघत होती.